अमेरिकेनं बिघडवलेला सिनेमा

आमच्या घरी सिनेमा शनिवारी संध्याकाळी एस.टी.नं यायचा. पत्र्याचे चपटे गोल डबे पोत्यात बांधलेले असायचे, वर सुतळीचे वेढे. आप्पा स्टँडवरून ते पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे आणि बोळाच्या तोंडापासून घंटी वाजवत यायचे, म्हणजे आम्ही जिन्यातल्या चपला उचलून वाट मोकळी करावी. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या. खालून दंडबैठका मारणाऱ्यांचे हुंकार, पलीकडून फुटबॉलची मॅच जिंकलेल्यांची आरडाओरड आणि घरात स्टोव्हचा आवाज, असं सगळं एकाच वेळी चालू असायचं. त्या गोंगाटात माझे वडील जगातल्या सर्वांत मुक्या सिनेमांवर व्याख्यान लिहायचे आणि मध्येच खिडकीतून खाली ओरडायचे, "अरे, जरा हळू घाम गाळा रे!"

आप्पा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांनी आणि आणखी चार मास्तर-वकिलांनी मिळून एक फिल्म सोसायटी काढली होती. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये परदेशी सिनेमा दाखवायचा, एवढंच तिचं काम. उजेड अडवायला खिडक्यांना तालमीतून मागून आणलेली घोंगडी टांगत. आजही कुठं घोंगड्याचा वास आला की मला वाटतं, आता खाली पांढरी इंग्रजी अक्षरं उमटणार. मशीन एकच होतं, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि तेवढ्यात बाबूराव दुसरं चढवायचे. बाबूराव हुपरीचे. घरी चांदीच्या पैंजणांचं काम, पण तरुणपणी तंबूतल्या सिनेमात मशीन चालवायला शिकले होते, ती हौस महिन्यातून एकदा आमच्याकडे भागवून घ्यायचे.

आई गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथी शिकलेली. सोसायटीचं तिच्याशिवाय पानही हललं नसतं, पण हे कुणाच्या कधी डोक्यात आलं नाही. सिनेमा सुटला की पंधरा-वीस माणसं चर्चेला आमच्याच घरी यायची. सतरंजी अंथरायची, दोन वेळा चहा, परातभर भडंग, वर चिरलेला कांदा. भडंगात लसूण जास्त पडला तर चर्चा लांबते असं आईचं निरीक्षण होतं आणि तरी ती हात आखडता घेत नसे.

डबे घरात आले की तिची एक अट असे. कुठल्या कुठल्या गावांतून, कुणाकुणाच्या हातांतून फिरलेले ते डबे पुसल्याशिवाय आतल्या खोलीत न्यायचे नाहीत. आत देव्हारा होता आणि डबे ठेवायला जागाही तेवढीच, देव्हाऱ्याखाली. "देवाम्होरं असलं तेलकट ठेवू व्हय?" असं म्हणून ती ओल्या फडक्याला थोडी राख लावून एकेक डबा लख्ख करायची. आप्पा वैतागायचे. डब्यांवरचे रंगातले आकडे गावोगावच्या लोकांनी खोडून, त्यावर दुसरे घालून पार गिचमीड केलेली असे. म्हणून आप्पा प्रत्येक डबा उघडून, फिल्मच्या सुरुवातीच्या पट्टीवरचा आकडा बघून, वर आपल्या अक्षरात नंबराची चिठ्ठी डकवत. "चिठ्ठ्यांना पाणी लावू नकोस," एवढं सांगून ते उद्याचं प्रास्ताविक लिहायला बसले की त्यांच्याशी बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

तर तो हंगेरीचा सिनेमा. नाव सांगत नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच ते धड उच्चारता आलं नाही. आप्पा त्याला 'भट्टीवाली' म्हणायला लागले आणि कोल्हापुरात तेच राहिलं. एका लहानशा गावात एका विधवेची पावाची भट्टी असते. भट्टी माझ्या नावावर कर म्हणून दीर तिच्या मागे लागलेला असतो. पहिल्या दोन डब्यांत फारसं काही घडत नाही. बाई कणीक मळते, दीर दारात येऊन उभा राहतो, गाव बघतं आणि गप्प बसतं. मग हॉलमधले दिवे लागले, बाबूरावांनी रीळ बदललं, दिवे गेले, आणि बघतो तर बाईचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत! भट्टी जळून काळी पडलेली, पोलीस प्रश्न विचारतायत, एकेक गावकरी साक्ष देतोय, दिराला धरून नेतायत. आग कधी लागली, कुणी लावली, काही दाखवलेलंच नाही. पुन्हा दिवे, पुन्हा रीळ, आणि आता भट्टी परत धडधाकट. बाई दोन्ही हातांनी कणीक मळतेय. दीर पिऊन येतो, झटापट होते, आणि मग ती आग. शेवटच्या डब्यात पट्टीतल्या हातात पिशवी घेऊन ती गाव सोडते. निरोप द्यायला कुणी येत नाही. ती मागं वळून बघत नाही.

त्या दिवशीच्या चर्चेसारखी चर्चा आमच्या घरात पुन्हा झाली नाही. "साक्ष आधी, गुन्हा नंतर!" आप्पा सतरंजीवर बसायलाच तयार नव्हते. "जखम दाखवली आणि मग आपल्याला विचारलं, बोला, ही कशाची? ह्याला म्हणतात दिग्दर्शक!" वकील म्हणाले, कोर्टात आम्हाला असंच भेटतं सगळं, आग कुणी बघितलेली नसते, साक्ष तेवढी असते. माना डोलल्या. बाबूराव कोपऱ्यात भडंग खात होते. एवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. त्या दिवशी भडंग आदल्या दिवशीच करून ठेवल्यामुळे तिला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळाला होता. ट्रे खाली ठेवत ती म्हणाली, "पर त्या बाईच्या हाताला पट्टी आधी आन भाजलं मागनं, असं कसं वो?"

सगळे हसले. आप्पा मुलांना समजावतात तसं म्हणाले, "अगं, ती मागचं आठवतेय."

"आठवत असली तर आधी तिचं तोंड दावत्यात की. डोळं मिटलेलं, न्हाय तर खिडकीत बसल्याली. तसं काय दावलं न्हाई."

"ते आपल्या हिंदी सिनेमात," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. सर्वांत मोठ्यानं मी हसले. मी सतरा वर्षांची होते, आप्पांची लाडकी शिष्या होते, आणि चौथी शिकलेल्या बाईला हंगेरीचा सिनेमा समजत नाही यात मला आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. आई रिकाम्या कपबशा घेऊन आत गेली. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

पुढं वर्षभरानं त्याच गोष्टीवर अमेरिकेत काढलेला सिनेमा आमच्या एका थिएटरला मॉर्निंग शोला लागला. सोसायटीची वीस माणसं नावं ठेवण्याची पक्की तयारी करूनच गेली होती. आईलाही बरोबर घेतलं. तिकडं छोट्या भट्टीचं काचांचं मोठं दुकान झालं होतं. दीर तसाच, फक्त त्याला मोटार दिली होती. आग विझवायला आलेल्या बंबावर एक देखणा गडी होता आणि तो पुढं सिनेमाभर बाईच्या आसपासच राहिला. शेवटी बाई गाव सोडत नाहीच. अख्खं गाव जमतं, दुकान पुन्हा उभं करतं आणि टाळ्या वाजवतं. थिएटरात पडलेल्या शिट्ट्यांनी पडदा हलायचा बाकी राहिला. आणि सगळं कसं ओळीनं! आधी भांडण, मग आग, मग पट्टी, मग पोलीस. आप्पा खुर्चीत चुळबुळत होते. "बघ, बघ, सरळ करून टाकलं. लहान पोरांना सांगावं तसं," असं ते माझ्या कानात तीनदा म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर आई भर गर्दीत म्हणाली, "ह्यो तोच हाय की! आन ह्यो नीट लावलाय."

"आई, हळू बोल ना," मी दातओठ खाऊन म्हटलं. सोसायटीचे लोक ऐकत होते. आईनं पदर सारखा केला आणि ती पायऱ्या उतरायला लागली.

त्या काळी पुण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराचा एक वर्ग असे. सिनेमा कसा बघावा ते तिथं शिकवत. निबंध पाठवायचा, तो आवडला तर मुलाखत, आणि मुलाखतीतून थोडीच मुलं घेत. मला तिथं जायचंच होतं. आप्पांनी शब्द दिला होता: निवड झाली तर चुलते-मामे काही म्हणोत, मी तुला पाठवणार, नाही झाली तर मुकाट्यानं डी.एड.ला नाव घालायचं. दोन खोल्या, स्टोव्ह, भडंगाची परात आणि नंतर कुठल्या तरी गावच्या शाळेची घंटा, हे मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं. त्यातून सुटायचा तेवढा एक जिना होता. मी दोन्ही सिनेमांची तुलना करणारा निबंध लिहिला आणि त्याला नाव दिलं, 'अमेरिकेनं बिघडवलेला सिनेमा'. आप्पांनी तो सोसायटीत उभं राहून वाचून दाखवला. ते स्वतः एव्हाना सांगलीत आणि इचलकरंजीत 'भट्टीवाली'वर बोलून आले होते आणि लोक त्यांना त्याच नावानं ओळखायला लागले होते.

मुलाखतीचं पत्र आलं त्या दुपारी आई शेंगा फोडत बसली होती. "समद्या गावाला वाचून दावलंस," ती म्हणाली, "मला बी वाच की."

मी वाचू लागले. ती शेंगा फोडत ऐकत होती. मी माझ्या लाडक्या वाक्यापाशी आले: "दिग्दर्शकाने जखम आधी आणि आग नंतर दाखवली, कारण स्त्रीचे दुःख जगाला नेहमी कारणाशिवायच दिसते." इथं मी दाद मिळावी म्हणून थांबले.

आईचे हात थांबले होते. "सुमे," ती म्हणाली, "ते त्यानं न्हाई केलं गं. मी केलं."

मला काही कळेना. मग तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या शनिवारी डबे पुसताना तीनची आणि चारची चिठ्ठी फडक्याबरोबर निघून हातात आली. डबे तोवर पालथे-उताणे झाले होते, कुठली चिठ्ठी कुठल्या डब्याची ते आठवेना. "तुझ्या आप्पांस्नी इचारायला गेलतो, तर लिवत बसल्यालं. नुसतं वर बघितलं. त्या डोळ्यांम्होरं कोण बोलतंय? मग भाताचं शीत घेतलं आन चिकटिवल्या अंदाजानं."

"मग नंतर तरी सांगायचं!"

"सांगितलं की. चहा घिऊन आलो तवा सगळ्यांम्होरं इचारलं. तुमी हसलासा."

आईची ती गावाकडची 'गेलतो, आलो' बोलण्याची पद्धत मी एरवी चारचौघांत दुरुस्त करायची. त्या दुपारी मला ते सुचलं नाही. मी निबंधाचे कागद घडी घालून बसले आणि डोक्यात रक्त चढलं. आईवर नव्हे, किंवा आईवरही. वर्षभर मी ज्या गोष्टीवर जीव टाकला होता, ती हंगेरीत नव्हे, आमच्या मोरीजवळ झाली होती.

तरी मनात एक आशा होती. आईला चुकीचं आठवत असेल. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता हुपरीची बस धरली. बाबूरावांच्या घरी सोप्यात सगळं कुटुंब पैंजणांच्या कड्या जोडत बसलं होतं. मला बघून ते उठले, "या मास्तरांच्या लेकी, या," म्हणून पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं तसा त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"ठाव हुतं की मला," ते म्हणाले. "चिठ्ठी तीनची आन आतल्या पट्टीवर आकडा चारचा. मशीनवर चढवतानाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मास्तर इंग्रजीचं. त्यांनी तीनची चिठ्ठी लावली म्हंजे काय तरी इचार करूनच लावली असणार, असं वाटलं. मागनं तुमच्या घरात ऐकत बसलो तवा ध्यानात आलं की त्यास्नी बी ठाव न्हाई. तवर समदी एवढी खूश झाल्याली, मी कुठं मध्ये तोंड घालू? भडंग खाल्लं आन हुपरीची गाडी धरली."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून ऊस बघत होते आणि मला त्या अख्ख्या सोसायटीचा संताप येत होता. वकील, प्राध्यापक, मास्तर, आणि मी. एवढ्या शिकलेल्या माणसांत कुणाला साधी शंका आली नाही. ज्या दोघांना समजलं होतं, त्यातल्या एकाला आम्ही बोलू दिलं नाही आणि दुसरा आम्हाला शहाणं समजून गप्प बसला. अमेरिकेनं बिचारीनं काहीच सरळ केलं नव्हतं. तो मुळातच सरळ होता.

आप्पा पेपर तपासत होते. मी सांगायला लागले तेव्हा ते आधी हसले. "तुझ्या आईला काय कळतंय," म्हणाले. मग मी बाबूरावांचं सांगितलं. लाल पेन त्यांनी टोपण लावून खिशाला अडकवलं आणि पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. माझी अपेक्षा होती ते आईला हाक मारतील, ओरडतील. त्यांनी तसं केलं नाही. ते खूप हळू बोलले आणि मला त्याचीच भीती वाटली.

"पुण्यात हे बोलायचं नाही, सुमन."

"पण आप्पा, निबंधच त्याच्यावर आहे."

"म्हणूनच. तिथं बोललीस तर आठ दिवसांत सगळ्या सोसायट्यांमध्ये होईल. कोल्हापूरकरांना रिळं ओळीनं लावता येत नाहीत, आणि वर त्याच्यावर भाषणं देतात. मी सांगलीत दोनशे माणसांसमोर बोललोय." त्यांनी चष्मा काढला. "माझ्याकडं दुसरं काय आहे गं? शाळेत काळ-काम-वेगाच्या तासाला इंग्रजीचा मास्तर पाठवतात. एवढी एक सोसायटी आहे. मला शब्द दे."

मी शब्द दिला. मला आप्पांची दया आली होती आणि खरं सांगायचं तर पुण्यालाही जायचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसत होत्या.

निघायच्या सकाळी आप्पा रिक्षा बघायला खाली गेले तेव्हा आईनं धपाट्यांचं पुडकं माझ्या पिशवीत ठेवलं आणि माझं मनगट धरलं. तिला आप्पांच्या आणि माझ्या बोलण्यातलं काही माहीत नव्हतं. "तिथं सांग," ती म्हणाली. "चिठ्ठ्या माझ्या हातनं चुकल्या ते बी सांग, मला काय न्हाई त्याचं. पर हे बी सांग की माझ्या आईला बघताक्षणी कळलं हुतं. एकदा तरी कुनी तरी म्हनू दे."

आई आयुष्यात कुणाकडं काही मागत नसे. माहेरून आलेलं दूधसुद्धा ती आधी शेजारच्या आक्कांना द्यायची. मी 'हो' म्हटलं. वीस तासांच्या आत मी दोन माणसांना दोन शब्द देऊन मोकळी झाले होते आणि एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं की यातला एक मोडावाच लागणार.

मुलाखत घ्यायला तिघे होते. मधले जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ मोठे जाणकार समजले जात. माझा निबंध त्यांच्यासमोर होता आणि मी पेन्सिलीच्या खुणा उलट्या बाजूनंही ओळखू शकत होते. माझ्या त्या लाडक्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. मी मनाशी ठरवलं होतं की त्यांनी विचारलं तर सांगून टाकायचं. आप्पांचं काय व्हायचं ते होवो. 'सर, या निबंधात एक चूक आहे,' हे वाक्य मी साताऱ्यापासून घोकत आले होते.

"हा हंगेरियन सिनेमा मी परदेशात बघितला होता," ते गृहस्थ म्हणाले. "तो क्रम! आधी साक्षी आणि मग ती आग. आजही अंगावर काटा येतो. मूळ सिनेमाची सगळी ताकद त्या क्रमात आहे, हे आपल्याकडं कुणी लिहिलं नव्हतं. तुम्ही अचूक पकडलंत."

बाकीच्या दोघांनी मान डोलावली. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. हा माणूस खोटं बोलत होता. त्यानं सिनेमा बघितलाच नव्हता, किंवा बघितला होता आणि माझा निबंध वाचून आपलं आठवणं दुरुस्त करून घेतलं होतं. काहीही असो, आता मी खरं बोलले असते तर या खोलीत सर्वांच्या आधी तोच उघडा पडला असता. आणि माझी निवड त्याच्या हातात होती. तो माझ्याकडं कौतुकानं बघत होता. मी म्हटलं, "थँक यू, सर."

निवड तिथल्या तिथं झाली.

अलीकडं भाचीनं तो सिनेमा टीव्हीवर लावून दिला. आता काय, सगळं घरबसल्या मिळतं, ओळीनं, आणि पोतं सोडायला लागत नाही. मी दोन्ही लागोपाठ बघितले, हंगेरीचा आणि अमेरिकेचा. पहिले चार डबे म्हणावेत तर दोन्हीकडं जवळपास सारखेच. फरक शेवटी आहे. एकीकडं बाई उठून जाते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि दुसरीकडं अख्खं गाव टाळ्या वाजवत तिला ठेवून घेतं. अमेरिकेनं खरोखर काही बिघडवलं असेल तर ते तिथं. तुलना करायला एवढं मोठं समोर होतं आणि मी शेवटावर दोन ओळी लिहिल्या होत्या. बाकी सगळा निबंध आमच्या भाताच्या शितावर होता. चाळीस वर्षं उलटून गेली तरी याचा राग जात नाही. मला चांगलं लिहिता येत होतं हो. नीट बघितलं असतं तर खरोखर चांगला निबंध लिहून गेले असते.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापुरात परत आले तर आई जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभी. निवड झाली हे तिला माझ्या चेहऱ्यावरून समजलं असावं, कारण तिनं ते विचारलंच नाही. तिनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"काय म्हनलं?"

"म्हणाले, तुमच्या आईची नजर चांगली आहे."

आई तशीच वळली. आत गेली, देवापुढं साखर ठेवली, मग वाटीभर साखर घेऊन शेजारी गेली. आमच्या आणि आक्कांच्या गॅलऱ्यांच्या मध्ये एक पत्रा तेवढा होता. आईचा आवाज मूळचा शेतातला, बांधावरून हाक मारणारा. "पुण्याच्या सायबांनी कबूल केलं, आक्का! लेकीनं समदं सांगितलं तिथं. चिठ्ठ्या उलट्या लागलेल्या, आन मला कळलं हुतं म्हनून." आप्पा दारात बूट काढत होते. ते ऐकत तसेच वाकून राहिले. मग त्यांनी दुसरा बूट काढला, दोन्ही जोडून ठेवले आणि माझ्याकडं न बघता आतल्या खोलीत गेले.

माझ्या निवडीबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. ठरल्याप्रमाणं पुण्याला मात्र पाठवलं. मी महिन्यानं परत आले तोवर सोसायटी बंद झाली होती. मशीन परत गेलं होतं आणि घोंगडी तालमीत. "माणसं येत नाहीत," एवढंच त्यांनी सांगितलं. ते खोटं होतं, हॉल तर भरत होता. पुण्यापासून सांगलीपर्यंत सगळे आपल्याला हसतायत असं त्यांनी धरून घेतलं होतं, आणि हसणारं कुणीच नव्हतं, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं. त्यांना बाजूला घेऊन 'आप्पा, मी बोलले नाही, मी तुमचा शब्द मोडला नाही' असं सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण आप्पांच्या पोटात गोष्ट राहत नसे. पुढच्याच भांडणात ते आईला म्हणाले असते, कुठल्या साहेबांनी कबूल केलं? हिनं तुझं नावसुद्धा घेतलं नाही. आईचा तो चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत मी गप्प राहिले. आप्पा त्यानंतर तेवीस वर्षं जगले, माझ्याशी नीट वागले, माझ्या मुलांचे लाड केले, पण सिनेमाबद्दल माझ्याशी पुन्हा एक वाक्य बोलले नाहीत. मी आयुष्यभर सिनेमावर लिहीत राहिले आणि माझ्या घरात सिनेमावरचं वाचणारा एकच माणूस होता, तो माझं लिहिलेलं पान उलटून पुढं जायचा.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिला बऱ्याच गोष्टी आठवत नव्हत्या, पण ही आठवत होती. सलाइन बदलायला येणाऱ्या प्रत्येक नर्सला ती सांगायची की एकदा परदेशातला सिनेमा उलटा लागला, सगळी शिकलेली माणसं फसली, मला एकटीला कळलं, आणि माझ्या लेकीनं पुण्यात मोठ्या लोकांसमोर माझं नाव घेतलं. एक नर्स नवीन होती, पोरसवदा. तिनं हसत माझ्याकडं बघून विचारलं, "खरंच घेतलं होतंत का हो नाव?"

आई उशीवरून माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हटलं.